मांडीतली चिंधी

हे घडलेलं आहे. ज्यांच्यासोबत घडलं ते मेरिंगाई माझे सख्खे मामा, अजून हयात आहेत. रानडुकराचं मांस शिजायला लागलं की पडवी सोडून थेट नदीवर जाऊन बसतात.

जागा आमचीच. बालेह नदीच्या वरच्या अंगाचं लांबघर. एका छपराखाली ओळीनं सगळ्यांची दारं आणि पुढे एकच लांबलचक पडवी.

रानात तेलफळं गळायचे दिवस होते. ती खाऊन डुकरांच्या अंगावर बोटभर चरबी चढते. मामा आणि त्यांचा जोडीदार नुइंग, दोघंच शिकारीला गेले होते. आधी तिघं असायचे. तिसऱ्याचं नाव उंचात. एका जखमी डुकरानं त्याची मांडी फाडली. ती सडली आणि त्यातच तो गेला.

शेवटी शेवटी त्याच्याजवळ बसवत नसे. मामा श्वास रोखून जखमेवर कापराचं मलम चोपडायचे आणि वरून चिंधी बांधायचे. त्यासाठी उंचातच्या बायकोनं, मिंदूनं, आपला कमरेला गुंडाळायचा निळ्या चौकटींचा सारोंग फाडून दिला होता. तो गेल्यावर ती चिंधी सोडायची कुणाची छाती झाली नाही.

तशीच पुरली.

तर त्या दिवशी नुइंगच्या एका बारात डुक्कर पडलं. कुत्री मात्र भुंकली नाहीत... लांब उभी राहून नुसती बघत राहिली. मामांनी पोट फाडलं, आतड्याचा तुकडा त्यांच्यापुढे टाकला. एकानंही हुंगला नाही.

"कामाला नकोत, खायलाही नकोत," नुइंग म्हणाला. "माझा मेव्हणा बरा. तो खातो तरी."

मामा हसले आणि मांडी सोडवायला बसले. कातडी सोलली. स्वच्छ. कुठे जखम नाही, वण नाही.

आणि सुरी अडकली...

मांसात खोलवर काहीतरी होतं. मामांनी दोन बोटं आत घातली. चिकट. लिबलिबीत. ओढलं तर येत राहिलं... येतच राहिलं...

चिंधी होती.

निळ्या चौकटींची.

आणि वास... आधी कापराचा. मग त्याच्याखालचा, तो दुसरा.

मामांनी सुरी खाली ठेवली.

"नुइंग, हे इथंच पुरू. घरी न्यायचं नाही."

"डोकं फिरलं का तुझं? कुणीतरी ठासणीच्या बंदुकीत चिंधी कोंबली असेल. ती आत राहिली, जखम भरून आली."

"वास येत नाही तुला?"

"येतोय ना, चरबीचा! अरे, अख्खं घर वाट बघतंय. मिंदूच्या चुलीवर मांस चढून किती दिवस झाले? तूच सांग जाऊन तिला, पुरून आलो म्हणून."

मामांनी चिंधी ओढ्यात फेकली.

संध्याकाळी पडवीत केळीच्या पानांवर वाटे पडले. मांडीचा वाटा मिंदूला गेला. दारादारातून चरबी तडतडायला लागली. लोक हसत होते, भाताची दारू फिरत होती.

मिंदूनं मामांपुढे वाडगा ठेवला. "बस. खाऊन जा."

नाही म्हणायची सोय नव्हती. समोर आलेलं अन्न शिवल्याशिवाय उठलं की वाटेत घात होतो. निदान बोट बुडवून ओठाला लावायचं.

मामांनी लावलं.

कापूर... मग तो दुसरा.

"कसं झालंय?"

"चांगलं."

"खोटारडा! तोंड बघ तुझं."

मिंदूनं मोठा तुकडा तोंडात टाकला. चरबी ओठावरून ओघळली. ती चावत होती. मग चावणं मंदावलं...

तिनं दातात अडकलेलं काहीतरी चिमटीत धरून ओढलं.

धागा. निळा.

संपेचना. ती ओढत राहिली... घशातून.

मामांना वाटलं, आता थुंकेल, किंचाळेल. तिनं धागा दिव्यापुढे धरला. कितीतरी वेळ पाहिला. आणि तोंडात होतं ते हळूहळू चावून गिळलं.

"मिंदू, थुंक ते!"

"ओरडू नकोस. लोक जेवतायत." मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "बाकीचा कुणाकुणाकडे गेला रे?"

बाकीचा, म्हणाली ती. बाकीचं मांस, असं नाही.

"सगळ्यांकडे," मामा म्हणाले.

सकाळी ती दारोदार फिरून उरलेलं मागत होती. कुणाकडे काही उरलं नव्हतं. नुसती हाडं. पडवीखाली टाकलेली. कुत्र्यांनी शिवली नव्हती.

मामा आणि नुइंग पलीकडच्या काठावर उंचातच्या कबरीपाशी गेले. माती घट्ट. वर गवत. डुकराच्या खुराची एक खूण नाही.

नुइंगनं फावडं आणलं होतं. ते हातात धरून तो उभा राहिला. मामाही उभे राहिले.

मग दोघं तसेच परत आले. आत काय आहे आणि काय नाही, ते आजवर कुणी पाहिलेलं नाही.

मामा म्हणतात, बरं झालं, मी फक्त बोट लावलं.

पण वाटा आमच्याही दारात आला होता. मी दोनदा मागून घेतला होता. मला कसलाच वास आला नव्हता.

इतकं चवदार मांस मी पुन्हा कधी खाल्लेलं नाही...

आणि अजूनही कधीकधी तोंडाला पाणी सुटतं.