सांगेपर्यंत हलू नका

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडलंय. आणि ताई म्हणजे पालीला शेपटीला धरून खिडकीबाहेर टाकणारी बाई. घाबरणं तिच्या स्वभावात नाही. थापा मारणं तर त्याहून नाही.

साथीचं पहिलं वर्ष. भर दुपार.

हो, दुपार. भुतं रात्रीचीच येतात असं मलाही वाटायचं.

ताई कॅन्सरच्या हॉस्पिटलात रेडिएशनचं मशीन चालवते. पेशंटला टेबलावर झोपवायचं. त्याच्या चेहऱ्याच्या मापाने बनवलेला जाळीदार मास्क बसवून टेबलाला घट्ट अडकवायचा, म्हणजे डोकं तसूभरही हलत नाही. मग बाहेर येऊन जाडजूड दार लावून घ्यायचं. पुढचं सगळं कॅमेरा, माईक आणि स्पीकरवर. सगळ्यांना सूचना एकच, "मी सांगेपर्यंत हलू नका."

साथीत सगळंच बदललं. लांबलचक कोर्स आखूड केले, एकेका सिटिंगचा डोस वाढवला. नातेवाइकांना आत बंदी. आणि ज्यांचा आजार जरा थांबू शकेल, त्यांना थांबवलं.

त्यात एक इस्त्रीवाल्या मावशी होत्या. गालाजवळ गाठ, हळू वाढणारी. ताईने त्यांचा मास्कसुद्धा बनवून ठेवला होता. डॉक्टर म्हणाले, आत्ता इथे येणंच त्यांना जास्त धोक्याचं, तारीख फोनवर कळवू.

तारीख निघायच्या आत मावशी साथीत गेल्या.

त्यानंतरच्याच आठवड्यातली गोष्ट. एक पेशंट सिटिंग आटपून घरी गेला. ताई टेबल पुसून बाहेर येऊन बसली. आतली खोली रिकामी. दार बंद.

आणि स्पीकरवर ऐकू आला...

श्वास.

संथ. नाकातून. मास्कखाली माणूस घेतो तसा.

कॅमेऱ्यात टेबल रिकामं होतं.

ताईने स्पीकरला दोन चापट्या मारल्या. "आता तूही आजारी पड," म्हणाली आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं. ते बसचे ड्रायव्हर काका. घशाचा कॅन्सर, पण तोंड बंद राहील तर शपथ.

"आयुष्यभर मी लोकांवर ओरडलो, गाडी चालू असताना उठू नका," ते म्हणाले. "आता तुम्ही ओरडा माझ्यावर."

मशीन सुरू झालं. अर्ध्यावर काकांचा हात वर गेला. म्हणजे काहीतरी त्रास होतोय. ताईने मशीन थांबवलं, धावत आत जाऊन मास्क सोडवला. काका घामाने निथळत होते.

"ताई... माझ्या खाली कोण आहे?"

"खाली टेबल आहे, काका."

"टेबल श्वास घेतं का?"

काका उतरले ते थेट चपला शोधायला लागले. "मरायचंच असेल तर घरी मरेन. उद्या मी येत नाही."

तेव्हा मात्र ताईची पाचावर धारण बसली. कोर्स आधीच आखूड, एकेक सिटिंग मोलाचं. काकांनी मध्येच सोडलं तर गाठ पुन्हा डोकं वर काढणार, आणि मग फार काही हातात राहणार नाही. संध्याकाळी तिने फोनवर त्यांच्या अक्षरशः विनवण्या केल्या. "एकदाच या. आधी मी स्वतः खात्री करते, मगच तुम्हाला आत नेते."

दुसऱ्या दिवशी काका आले. बाहेर बाकावर बसले, हाताची घडी घालून. ताई एकटी दाराबाहेरच्या आपल्या खुर्चीत, कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसली. स्पीकर लावला.

श्वास होताच.

मग आवाज आला... दात न उघडता बोलल्यासारखा.

"झालं का हो? हलू का?"

ताईने आवाज लगेच ओळखला. मास्क बनवताना मावशींनी हेच विचारलं होतं.

तिने माईकचं बटण दाबलं. काय सांगणार? तुमची ट्रीटमेंट सुरूच झाली नाही म्हणून?

"झालं, मावशी," ती म्हणाली. "उठा आता."

श्वास थांबला.

टेबल करकरलं... आणि आत, फरशीवर, अनवाणी पावलं वाजली. दाराच्या दिशेने.

दार उघडलं नाही. पावलं मात्र ताईच्या खुर्चीमागे येऊन थांबली.

काका त्या दिवशी टेबलावर झोपले. "आज नुसतं टेबल आहे," म्हणाले. त्यांचा कोर्स पूर्ण झाला. आता ते ठणठणीत आहेत. त्यांच्यासाठी मला खरंच आनंद होतो.

पण राहून राहून एक गोष्ट मनात येते. ताईने मावशींना उठवलं खरं. कुठे जायचं, ते सांगितलंच नाही.

ताई कामावरून येते तेव्हा दार मीच उघडते. ती आत येते, पर्स ठेवते, हात धुवायला जाते. मी दार लोटते...

दार मध्येच अडतं. मागून एखादं माणूस आत येईपर्यंत अडावं, तेवढाच वेळ.

ताईला मी हे सांगितलेलं नाही. आधी मी जोर लावून दार लोटायचे. हल्ली बाजूला होऊन उभी राहते.