दोन स्तामातिस, एकच गाडी

"आजोबा, नगरपालिकेचा निरोप पुन्हा वाचा," कलिरोई फोनवर म्हणाली.

"'स्तामातिस कुवारास, तुमची गाडी बंदरावर येईल.' अगं, या गुडघ्यांनी मी बंदरावर उतरू कसा? इथे अंगणात धूर आलाय." आणि फोन कटला.

सकाळी ती आणि धाकटा भाऊ झानिस पोहायला खाली आले होते. आता डोंगरावरचं पाइनचं रान पेटलं होतं, रस्ता अडवला होता आणि वरच्या वाडीत आजोबा एकटेच होते. दोघं धावत नगरपालिकेत शिरले.

तिथले कारकून थ्रासोसकाका संगणकापुढे घाम पुसत बसले होते. "वरच्या वाडीत न्यायला कुणी नाही. गाडी मघाशीच माघारी बोलावली."

"आमचे आजोबा आहेत की तिथे!"

"यादीत ते बंदरावर आहेत. निरोपाचा साचा मीच केलाय. नाव घेऊन ठिकाण आपोआप बसतं. यंत्र चुकत नाही, पोरांनो."

कलिरोईला रडूच फुटलं. झानिसने मात्र न विचारता माऊस ओढला. "काका, सूत्र नावावरून ठिकाण शोधतं ना? बंदरावरचे स्तामातिस वेगळे, आजोबांचे चुलतभाऊ. पहिला स्तामातिस सापडला की हे तिथेच थांबतं. दुसऱ्यापर्यंत जातच नाही."

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. या बेटावर आजोबांचं नाव नातवाला. एकाच नावाचे चुलतभाऊ पैशाला पासरी. "अरे देवा. मी स्वतः दोन थ्रासोसांपैकी एक."

"मग लोक तुम्हाला ओळखतात कसे?" कलिरोईने नाक पुसत विचारलं.

"बापाच्या नावावरून."

"तो रकाना इथे आहे की! जोडा ना तो."

झानिसने दोन्ही नावं जोडून सूत्र नव्याने लिहिलं. ठिकाणं भराभर बदलली. वरच्या वाडीत आजोबांशिवाय आणखी तीन म्हाताऱ्या निघाल्या. काकांनी नवे निरोप धाडले आणि वायरलेस उचलला. "गाडी फिरव, आत्ताच्या आत्ता!"

मग नुसती वाट पाहणं उरलं. डोंगर धुरात दिसेनासा झाला. कलिरोईने झानिसचा हात इतका आवळला की त्याला दुखलं.

अखेर काजळलेली गाडी चौकात आली. तीन म्हाताऱ्या उतरल्या आणि सगळ्यांच्या शेवटी, खोकत खोकत, आजोबा.

"तुम्हाला या पोरांनी वाचवलं, मी नाही," थ्रासोसकाका मान खाली घालून म्हणाले.

आजोबांनी नातवंडांना जवळ ओढलं आणि फोन पुढे केला. 'याकोवोस यांचे चिरंजीव स्तामातिस कुवारास, तुमची गाडी वरच्या वाडीत येईल.'

"आशा सोडून बसलो होतो रे," ते म्हणाले. "मग बाबांचं नाव वाचलं. म्हटलं, हे माझंच बोलावणं."