दोन पानांची बाटली

त्यानं बाटलीचं झाकण उडवलं, फडक्यानं तोंड पुसलं, मोठ्या ऐटीत ती माझ्या ग्लासवर तिरकी केली... आणि काहीच पडलं नाही.

“लाजतेय,” तो म्हणाला.

“कोण?”

“तुमची वाइन. नवीन माणूस दिसला की काहीजणींना होतं असं.”

त्यानं बाटलीच्या बुडावर एक चापट मारली. डुबुक... आणि माझ्या ग्लासात लालभडक, घट्ट टोमॅटोचा सॉस येऊन बसला. वर बेसिलचं एक पान.

आम्ही दोघंही त्या ग्लासकडे बघत राहिलो. बाहेर पाऊस होता. मेलबर्नचा जुलैतला पाऊस, पडतो थोडा आणि भिजवतो फार.

“मी पर्थचा,” शेवटी तो म्हणाला. “आमच्याकडे जरा पातळ पितात.”

एरवी मी खो खो हसले असते. हसायला मला फार लागत नाही. पण ते पान बघितलं आणि मी बाटली त्याच्या हातातून काढून घेतली.

झिया पीनाचं हॉटेल आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे, ट्रामच्या थांब्यासमोर. झिया म्हणजे आम्हा इटालियनांची मावशी किंवा आत्या; पीना अख्ख्या गल्लीची झिया. टेबलं मोजकी, खुर्च्या एकीसारखी दुसरी नाही. वाइन तिथं मिळत नाही. ज्यानं त्यानं घरून आपापली आणायची. त्या दिवशी माझ्या आजोबांचा, म्हणजे नोन्नोंचा, वाढदिवस होता. नोन्ना, म्हणजे आजी, गेल्यापासून ते घराबाहेर जेवले नव्हते. महिनाभर मनधरणी करून मी त्यांना तयार केलं होतं. मामा त्यांना सोडणार होता, आणि मी त्यांच्याच हातची एक वाइन गॅरेजमधून उचलून पुढे आले होते.

आता आमच्या घरचं शास्त्र ऐका. वाइनही बिअरच्या जुन्या बाटल्यांत भरायची आणि सॉसही त्याच बाटल्यांत. तपकिरी काच, पत्र्याचं झाकण, वर चिठ्ठी नाही. सॉस डावीकडच्या फळीवर, वाइन उजवीकडच्या. गॅरेजमधला दिवा कधीचा गेलेला. मी अंधारात उजवीकडे हात घातला आणि हाताला लागली ती घेतली.

सॉस म्हणजे केचप नव्हे हं. केचप ही आमच्या घरात शिवी आहे. दर फेब्रुवारीत अख्खं खानदान गॅरेजमध्ये जमून पेट्याच्या पेट्या टोमॅटो पिळायचं, आणि नोन्ना प्रत्येक बाटलीत बेसिलचं एक पान टाकायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली आणि ते सगळंच थांबलं. तिच्या हातच्या बाटल्या आम्ही खाऊन संपवल्या. एकच उरली होती, तिला नोन्नो कुणाला हात लावू देत नव्हते. रोज सकाळी ती पुसायचे. ठेवतात कुठे, ते मात्र कुणाला सांगत नव्हते. आता मला कळलं. आपल्या वाइनमध्ये ठेवली होती त्यांनी, ज्या कोपऱ्यातून नोन्ना त्यांना रोज जेवायला ओढून न्यायची तिथेच.

“ही माझ्या आजीची शेवटची बाटली आहे,” मी म्हणाले. “ती नाहीये आता. आणि आजोबा येतीलच इतक्यात.”

त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा पुसली गेली. त्यानं समोरची खुर्ची ओढली आणि वेटर असून सरळ माझ्यासमोर बसला.

“नाव काय तुमचं?”

“ऑर्नेला. घरचे नेला म्हणतात.”

“मी रेनातो, पीनाचा भाचा. हे बघा, मागे झाकणं बसवायचं यंत्र आहे. आत्याचा सॉस भरतो, झाकण ठोकतो, तुम्ही गुपचूप जागेवर ठेवून द्या. कुणाच्या बापाला कळणार नाही.”

मोह झाला मला, खोटं कशाला बोलू? क्षणभर मी बाटलीवर हातही ठेवला. पण मग डोळ्यांसमोर आले सकाळचे नोन्नो... फडकं घेऊन, परक्या सॉसची बाटली पुसणारे.

“नको,” मी म्हणाले.

“नकोच,” तोही म्हणाला. “सुचलं ते बोलून गेलो. आहेच मी जरा मूर्ख.”

तेव्हा मी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. कुरळे केस, हनुवटीवर पिठाचा डाग, आणि कान लाल झालेले. इतक्या संकटातही माझ्या मनात आलं की कान छान आहेत. मनाला काही काळवेळ असते का?

दार उघडलं. टोपीवरचं पाणी झटकत नोन्नो आत आले. त्यांनी बाटली बघितली. ग्लास बघितला. जवळ येऊन बोटानं ते पान उचललं, आणि त्याच्याखाली दुसरं पान निघालं.

“दोन,” ते स्वतःशीच पुटपुटले. मग काढायला घेतलेल्या कोटाची बटणं पुन्हा लावू लागले. “घरी सोड मला, नेला.”

“नोन्नो, चुकून झालं हो. अंधारात मला...”

“घरी सोड.”

आवाज चढला नाही त्यांचा. चढला असता तर बरं झालं असतं. मी पर्स उचलली. मला वाटलं, झालं, आता हा माणूस त्या घरातून परत बाहेर पडायचा नाही, आणि त्याला कारण मी.

रेनातो उठला. त्यानं ग्लास आणि बाटली उचलली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, “आत्या, चांगला सॉस मिळालाय. कांदा चिर. लसूण भरपूर घे. आणि साखरेचा डबा कुठाय?”

नोन्नो दारापर्यंत गेले होते. तिथेच थांबले.

“साखर?”

“चमचाभरच,” रेनातो म्हणाला. “आंबटपणा मारायला.”

“माझ्या अस्सुंताच्या सॉसमध्ये साखर?”

“वरून थोडं क्रीम घालीन म्हणतो.”

नोन्नोंनी टोपी काढली. ती माझ्या हातात कोंबली, कोट खुर्चीवर फेकला आणि म्हणाले, “बाजूला हो.” ज्या स्वयंपाकघरात झिया पीनानं आजवर एकाही गिऱ्हाइकाला पाऊल टाकू दिलं नाही, त्यात ते तरातरा शिरले.

रेनातो माझ्या बाजूनं जाताना खाली वाकला. “क्रीम जरा जास्त झालं का?”

“क्रीमनंच काम केलं,” मी म्हणाले.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला सगळं दिसत होतं. नोन्नोंनी तेल तापवलं. लसणाची एकच पाकळी ठेचून टाकली, वास सुटल्याबरोबर काढून फेकली. रेनातोनं पातेल्याचं झाकण उचललं तर त्याच्या हातावर चमचा बसला. झिया पीना, जिच्या तोंडाच्या पट्ट्यापुढे पोलीसही उभा राहत नाही, ती गुपचूप बटाट्याच्या पेटीवर बसून होती. मग तो वास बाहेर आला. रविवार सकाळचा, नोन्नाच्या घरातला. ती मला इतकी आठवली की मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावून नुसती बसून राहिले.

स्पॅगेटीच्या तीन ताटल्या आल्या. नोन्नोंनी रेनातोलाही बसवलं. पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिले.

“मीठ कमी,” ते म्हणाले.

रेनातोनं मिठाची वाटी पुढे सरकवली.

“तिच्या हाताला कायमच मीठ कमी. जन्मभर मी वरून घेत आलो.” आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते त्यांनी पुसलं नाही. पावाच्या तुकड्यानं ताटली मात्र अशी पुसली की धुवायची गरज उरली नाही.

मग ते बोलले. दर वर्षी पहिली बाटली दोन पानांची असायची. ती त्या दोघांची. मुलं झोपली की दोघांनीच खायची. शेवटच्या वर्षीची तेवढी राहून गेली.

“दोन पानांची बाटली एकट्यानं कशी उघडू?” ते मला म्हणाले. “माझ्या हातून झालं नसतं, पोरी. बरं झालं, तू वेंधळी आहेस.”

तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. निघताना नोन्नोंनी रेनातोचा दंड दाबून बघितला.

“जोर आहे. फेब्रुवारीत टोमॅटो करणार आहोत. ये.”

“अरे साव्हेरिओ,” झिया पीना आतून नोन्नोंना म्हणाली, “लग्नाचा पोरगा घरच्यांच्या टोमॅटोला बोलावतोस? गल्ली काय म्हणेल?”

“म्हणू दे. गल्ली येते का पिळायला?”

“मी येतो,” रेनातो म्हणाला. “साखर घेऊन येऊ ना?”

नोन्नो हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

त्यानंतर दर गुरुवारी आम्ही तिथं जेवायला लागलो. नोन्नोंना तिथला बटाट्याचा ग्नोकी आवडतो, असं नोन्नो म्हणत. मला काय आवडतं ते मला कुणी विचारलं नाही, आणि बरंच झालं. मी ट्राम चालवते, आणि माझी ट्राम त्या दारावरूनच जाते. तो खांद्यावर फडकं टाकून दारात उभा असायचा. मी घंटा वाजवायची... टण, टण. रस्त्यात कुणी आडवं आलेलं नसताना. रोजच्या प्रवाशांना कळलं होतं. एक म्हातारी तर त्या वळणावर मुद्दाम उजवीकडच्या खिडकीत बसायची.

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, आठवत नाही.

“तुझी ट्राम उशिरा आली आज,” तो म्हणायचा. “वाट बघत बसलो, रिसोटोचा भात करपला.”

“मग बघू नये वाट.”

“मग रिसोटो कशाला करायचा?”

“हे खरं की थट्टा?”

“करपला खरंच. हा बघ.”

हीच तर पंचाईत होती. ह्याचं खरं कुठलं आणि थट्टा कुठली? ताटली ठेवताना त्याचं बोट माझ्या बोटाला लागायचं, आणि मी वर बघेपर्यंत तो शेजारच्या टेबलावरच्या म्हातारीलाही तसाच हसवत असायचा. नाताळ आला, गेला. तो बोलला नाही. मी तरी कुठे बोलले? मी आपली घंटा वाजवत राहिले.

एकदा गाडीत बसता बसता नोन्नो म्हणाले, “पोरगा फार बोलतो. अस्सुंता म्हणायची, फार बोलणारा माणूस एका गोष्टीबद्दल गप्प असतो. ती कुठली, ते शोधावं.”

“आणि तुम्ही कशाबद्दल गप्प होतात?”

“मी? मी तर बोलतच नव्हतो. तिलाच सगळं विचारावं लागलं.”

फेब्रुवारी उजाडला. सकाळीच गॅरेजमध्ये मामा, मावश्या, पोरंटोरं, टोमॅटोच्या पेट्या, अंगणात चुलीवर भलंमोठं पिंप. रेनातो आला तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. पांढरा शर्ट, टोमॅटोला. मावश्यांनी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसून घेतलं आणि मग त्याच्या कमरेला फुलाफुलांचा एप्रन बांधला. तो काही बोलला नाही. सकाळपासून बोललाच नव्हता, हे माझ्या लक्षात आलं.

नोन्नोंनी कामं वाटली. धुणारे, चिरणारे, पिळणारे, भरणारे. दोन कामं उरली. पान टाकायचं काम नोन्नाचं होतं आणि झाकण दाबायचं नोन्नोंचं. शेजारी शेजारी बसून, दर वर्षी. नोन्नोंनी बेसिलचं भांडं माझ्या मांडीवर ठेवलं. मग रेनातोला कोपराला धरून आणलं, माझ्या बाजूच्या खुर्चीत बसवलं आणि झाकणाच्या यंत्राचा दांडा त्याच्या हातात दिला.

“माझा खांदा दुखतो,” ते म्हणाले.

त्यांचा खांदा आजतागायत कधी दुखलेला नाही. मावश्यांचे हात थांबले. आमच्या घरात मयतालासुद्धा इतकी शांतता नसते.

पहिली बाटली भरून माझ्याकडे आली. वाढदिवसाला उघडलेली तीच होती ती. नोन्नोंनी धुऊन जपून ठेवली होती. मी एक पान टाकलं. बाटली पुढे सरकवायची, एवढंच काम होतं. माझा हात पुन्हा भांड्यात गेला. मी दुसरं पान टाकलं आणि बाटली त्याच्यासमोर ठेवली.

त्यानं आत बघितलं. झाकण त्याच्या बोटांतच राहिलं. मी थट्टेची वाट बघत होते. थट्टा आली नाही.

“दोन आहेत,” तो अगदी हळू म्हणाला.

“हो.”

“चुकून?”

“नाही.”

त्याचे कान लाल झाले, पहिल्या दिवशी झाले होते तसेच. “मला तू आवडतेस, नेला. ग्लासात ते पान पडलं तेव्हापासून. सांगायला तोंड उघडतो आणि थट्टाच बाहेर पडते.”

“मग आता कशी नाही पडली?”

“आता घाबरलोय.”

“मीपण,” मी म्हणाले. “मलाही तू आवडतोस. झाकण लाव आता. उघडं राहिलं तर खराब होईल.”

त्यानं दांडा खाली ओढला. टक् असा आवाज झाला, आणि त्याचा दुसरा हात टेबलाखाली माझ्या टोमॅटोनं बरबटलेल्या हातात आला.

नोन्नो पाठमोरेच उभे होते. “नीट दाब,” ते म्हणाले. “टिकायला हवं.”

मग वळून त्यांनी ती बाटली उचलली, बाहीनं पुसली, जुन्या फडक्यात गुंडाळली आणि पिंपात स्वतःच्या हातानं ठेवली. उकळून झाली की डावीकडच्या फळीवर, असं सगळ्यांना बजावलं. ही ह्या दोघांची, कुणी हात लावायचा नाही.

“आणि आधी तो दिवा बदला,” ते म्हणाले.

मामा शिडी आणायला गेला. दुसरी बाटली आली, आणि तिच्यात मी एकच पान टाकलं.