एरंडेलाचा वास आणि नंदीचा गोंधळ

मोडलेलं हाड जुळलं. सूज उतरली. पायाचा आतला फोटो स्वच्छ आला. तरी पाय दुखायचा थांबेना. मग दुखत होतं ते नक्की काय?

मला हे कुणी सांगेल तर शपथ. मी ईश्वरी, राहणार मिरज, इयत्ता सातवी. आईबाबा समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला असतात, म्हणून मी आत्याकडे राहते. दिवाळीच्या सुट्टीत मल्लखांबावरची माझी पकड सुटली आणि डावा घोटा मोडला. संक्रांतीला प्लास्टर निघालं. होळी आली तरी मी आपली लंगडतच होते. गुढीपाडव्याला आमच्या तालमीची प्रात्यक्षिकं असतात आणि मला त्या दिवशी खांबावर चढायचंच होतं.

तालमीतले वाघमोडे सर म्हणाले, "ईश्वरी, नाचता येईना अंगण वाकडं." सगळी पोरं हसली. राग आलाच, पण त्याहून वाईट म्हणजे माझा माझ्यावरचाच विश्वास उडायला लागला. सकाळी शाळेत पाय बरा असायचा. संध्याकाळी घरी असा पेटायचा, की पांघरूण लागलं तरी डोळ्यांत पाणी. खरं दुखणं असं वेळ बघून येतं का? मी नाटक तर करत नाहीये ना, आणि तेही मला न सांगता?

शेवटी आत्याने मला बिनड्रायव्हरच्या बसमध्ये घातलं आणि वेदना-प्रयोगशाळेत नेलं. तिथे डॉक्टर तांबोळी मॅडम दुखण्यांवर संशोधन करतात. त्यांच्या मदतीला एक यंत्रमानव आहे. कुणी काहीही सांगितलं की तो मान डोलावतो, म्हणून सगळे त्याला नंदी म्हणतात.

"ईश्वरीताई, तुम्हांला दुखतं?" नंदीने विचारलं.

"दुखतं. पण हाड बरं झालंय. म्हणजे बहुतेक खोटं दुखतं."

नंदीने मान डोलावली. मग म्हणाला, "खोटं दुखणं माझ्या माहितीत नाही. तुम्ही दुखतं म्हणता, म्हणजे दुखतं."

इतक्या दिवसांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. मला एकदम रडूच आलं. आत्याने पदराने माझं नाक पुसलं, जसं काही मी बालवाडीत आहे.

नंदीने माझ्या पायाला मोरपीस लावलं. काही नाही. ब्रश लावला. काही नाही. घोटा चारी बाजूंनी हलवला, तरी फारसं काही नाही.

"घरी पांघरूण सहन होत नाही आणि इथे ब्रश चालतो," नंदी म्हणाला. "माझा गोंधळ झाला आहे."

"तुझा आत्ता झाला, माझा संक्रांतीपासून चालूय," मी म्हटलं.

मॅडम हसल्या आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. "मला सांग, दुखणं कुठे असतं?"

"पायात. अजून कुठे?"

"पायात असतात मज्जातंतू (शरीरभर पसरलेल्या निरोप नेणाऱ्या बारीक तारा). ते फक्त कळवतात, 'इथे काहीतरी झालंय.' तो निरोप मेंदूकडे जातो. धोका किती, हे मेंदू ठरवतो. धोका आहे असं त्याला वाटलं, की तो दुखणं तयार करतो, म्हणजे तू पाय जपशील."

"म्हणजे दुखणं डोक्यात? सर म्हणतात तेच की. माझ्या मनाचे खेळ."

"अजिबात नाही. बघणंसुद्धा मेंदूतच होतं. म्हणून समोरचा खांब खोटा का?"

मी विचार केला. खांब खोटा नव्हता, त्यावरून पडले होते मी. पण मग हाड जुळल्यावर मेंदू गप्प का बसत नाही, हे काही केल्या कळेना.

"आत्या, घरात चोरी होऊन गेली की कुत्रा कसा वागतो हो?" मॅडमनी विचारलं.

"पेपरवाल्यावरही भुंकतो मेला," आत्या म्हणाली.

"तसंच. मोठी इजा झाली की कधीकधी मज्जासंस्था जास्तच जागरूक होऊन बसते. याला संवेदीकरण (साध्या स्पर्शालाही धोका समजण्याची सवय) म्हणतात. चोर गेला, भुंकणं राहिलं."

हे पटलं. पण लगेच दुसरी शंका आली. "मग माझा कुत्रा सकाळी झोपतो आणि संध्याकाळीच का भुंकतो?"

मॅडमनी नंदीकडे पाहिलं. नंदीने मान डोलावली.

या बोलण्यात संध्याकाळ झाली. आत्याची माझ्या पायाला तेल लावायची वेळ चुकत होती. प्लास्टर निघाल्यापासून तिने एक दिवस सोडला नव्हता. दुखऱ्या सांध्याला कोमट एरंडेल, हे तिचं ठरलेलं औषध. तिने पिशवीतून डबी काढली, गरम पाण्याच्या वाटीत ठेवली आणि झाकण उघडलं.

पाय पेटला.

"आई गं," मी घोटा धरला. "आत्या, हळू लाव ना."

"अगं, मी हात कुठे लावलाय अजून?"

खरंच, ती हातभर लांब होती. नंदी धावत आला. "स्पर्श नाही. खोलीचं तापमान तेच. उजेड तोच. आवाज तोच. काहीच बदललेलं नाही, तरी दुखलं. माझा गोंधळ वाढला आहे."

मीही चक्रावले होते. काहीच बदललं नाही कसं? खोलीत तर आमच्या तालमीसारखं वाटायला लागलं होतं. तालमीसारखं का वाटतंय? खांबाला आम्ही रोज एरंडेल चोळतो, म्हणून. पडले तेव्हा माझं नाक त्याच खांबाला घासत खाली आलं होतं.

"नंदी, तुला वास येतो का रे?"

नंदीने मान डोलावली, मग थांबला, आणि पहिल्यांदाच ती आडवी हलवली. "मला नाक बसवलेलं नाही."

मॅडम ताडकन उठल्या. त्यांनी माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली. नंदीने एकेक वाटी नाकाशी आणली: एकीत पाणी, एकीत कोमट खोबरेल, एकीत कोमट एरंडेल. कुठली कधी, हे फक्त त्याला ठाऊक. त्याने क्रम उलटापालटा करून पुन्हा पुन्हा आणल्या. पाणी आणि खोबरेलाला पाय गप्प राहिला. एरंडेल आलं, की घोटा ठणकायचा.

"तुझ्या मेंदूने वास आणि पडणं यांची गाठ मारली," मॅडम म्हणाल्या. "दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं. तुझा मेंदू ताक फुंकतोय."

आत्याने डबीचं झाकण गच्च लावलं. "म्हणजे रोज मीच पोरीला..." तिने डबी पिशवीत कोंबली. "फेकून देते हे तेल. घरात थेंब ठेवायची नाही."

"फेकू नका," नंदी म्हणाला. "वास कधी आलाच नाही, तर तो धोक्याचा नाही हे मेंदूला कळणार कसं?"

आता आत्याचाही गोंधळ झाला. ज्याने दुखतं, त्यानेच बरं करायचं? मॅडमनी समजावलं. एकदम नाही, थोडं थोडं. नवं दुखणं आधी डॉक्टरांना दाखवायचंच, आणि प्रत्येक दुखणं असं नसतं, हेही बजावलं. माझ्या बाबतीत हाडाची खात्री झाली होती, म्हणूनच हा मार्ग.

मग आमच्या घरी अजब प्रकार सुरू झाला. लांबच्या फळीवर एरंडेलाची उघडी डबी आणि खाली मी आणि आत्या पत्ते खेळतोय. आत्या खेळात लबाडी करते, त्यामुळे भांडणात पायाकडे लक्ष जायचं नाही. डबी जवळ आली. मग तेल हाताला लागलं, मग उजव्या पायाला, आणि शेवटी डाव्या. मध्ये एकदा इतकं दुखलं, की मी डबी भिरकावली. आत्याने फरशी पुसली आणि पत्ते पिसले.

पाडवा आला. मी सरांना म्हटलं, "मी खांबाला तेल लावते."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मॅडमनी त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं. "सावकाश हं, बाळा," एवढंच ते म्हणाले.

मी दोन्ही हातांनी तेल चोळलं. वास नाकात भरला. घोटा ठणकायला लागला आणि क्षणभर मला वाटलं, गेलं सगळं पाण्यात. प्रेक्षकांत आत्या डोळे मिटून बसली होती. तिच्या शेजारी नंदी होता. पुढच्या वर्षी त्याला नाक बसणार आहे. मग कुठल्या पोराचा मेंदू कशाला घाबरलाय, हे तो आधी ओळखेल, असं मॅडम म्हणतात.

मी पायाकडे बघितलं. "ताक आहे रे," मी हळूच म्हटलं. "दूध नाही, ताक आहे."

ठणका गेला नाही. पण वाढलाही नाही. मी खांबाला नमस्कार केला, उडी मारली आणि पायांची अढी घातली, म्हणजे खांबाला पायांचा घट्ट विळखा. अढी बसली. थोडीच वर गेले, तिथूनच हात सोडून नमस्कार केला आणि खाली उतरले.

"दुखलं का गं?" आत्या धावत आली.

"दुखलं," मी म्हटलं. "पण आत्या, भीती नाही वाटली. असं कसं?"

आत्याने पदराने माझे तेलकट हात पुसले. नंदीने मान डोलावली.