दुपारी वाजणारं सूप

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर सोडून द्या, मी कोणाच्या गळी उतरवायला बसलेलो नाही. जिच्यावर ही वेळ आली ती कमळा, माझ्या आईची सख्खी मावशी. तिने आईला सांगितली, आईने मला. दोघींनीही गोष्टीला तिखटमीठ लावलं नाही.

भुताच्या गोष्टी अमावस्येच्या रात्री घडतात म्हणे.

ही भर दुपारी घडली.

साल १९५३. तेव्हाचा चांदा जिल्हा. वडशाहून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर एक गाव. नाव सांगत नाही, कारण गुणवंतरावांचे नातलग अजून तिथेच राहतात.

गुणवंतरावांची धानाची गिरणी होती. आजूबाजूला तेवढी एकच. इंजिन सुरू झालं की त्याचा आवाज पार जंगलातल्या टोल्यापर्यंत, तिथल्या पाड्यापर्यंत जाई, आणि बायका डोक्यावर धानाच्या टोपल्या घेऊन निघत. गिरणीच्या मागे तुसाचा मोठा ढीग, आणि गिरणीला लागूनच घर. स्वयंपाकघरातून एक दार थेट गिरणीत उघडायचं.

कमळा या घरात दुसरेपणावर आली.

पहिली बायको भागीरथा. ती मेली नव्हती, पळाली होती. निदान गुणवंतराव तसं सांगत. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा भरली, ती रात्री दंडारीचा नाच-तमाशा पाहायला गेली आणि दंडारीतल्या एका गड्यासोबत निघून गेली. गावाने विश्वास ठेवला. असल्या गोष्टींवर गावाचा विश्वास फार लवकर बसतो.

कमळाने तरी न ठेवून काय करायचं होतं? वडील वारलेले. भावाने एकदाची उजवून टाकली होती. तिला परत जायला घर नव्हतं.

आणि नवरा वाईट नव्हता. हात उचलत नसे, दारूला शिवत नसे, आवाज चढवत नसे.

मग त्या दुपारी…

गुणवंतराव जेवायला आले की इंजिन बंद व्हायचं. सकाळभरच्या दणदणाटानंतर ती शांतता कानाला टोचायची. कमळा भात वाढत होती.

आणि गिरणीतून आवाज आला…

फट… फट… सर्र…

कोणीतरी सुपाने तांदूळ पाखडत होतं.

तिला वाटलं, बुधरी असेल. बुधरी ही टोल्यावरची बाई, गिरणीत पाखडायला यायची. कमळाने दारातून डोकावलं. गिरणीत कोणी नव्हतं. सूप खुंटीला टांगलेलं होतं. बुधरी तर बाहेर चिंचेखाली पेज पीत बसलेली.

"आवाज आला का जी?" कमळाने नवऱ्याला विचारलं.

"कायचा आवाज?"

"सुपाचा."

"मले नाई आला."

पण त्याआधी त्यांचा घास तोंडाशी जाता जाता थांबला होता. कमळाने ते नीट पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही.

गुणवंतराव ताटावर बसले की सूप वाजायला लागायचं… ते हात धुवायला उठले की थांबायचं. ते कामाने वडशाला गेले की दिवसभर चिडीचूप.

कमळाच्या मनात पाल चुकचुकली. आवाज तिच्यासाठी नव्हता. तो नवऱ्यासाठी होता. मग ऐकू येऊनही हा माणूस नाही का म्हणतो?

ती आता त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागली. जेवताना ते कधी गिरणीच्या दाराकडे तोंड करून बसत नसत. गिरणीच्या मागच्या, ढिगाकडच्या दाराला कडी असूनही त्यांनी ते दोरीनेही बांधलेलं होतं. आणि भागीरथाचं नाव त्यांच्या तोंडी कधी येत नसे, शिवी द्यायलासुद्धा नाही. बायको पळालेला माणूस एवढा शांत असतो का?

मग पावलं दिसली.

गिरणीच्या जमिनीवर कोंड्याचा पातळ थर कायम असायचा. त्या दुपारी सूप थांबल्यावर कमळाने पाहिलं, तर कोंड्यात पावलं उमटली होती. बाईची… लहान… अनवाणी. मागच्या दारापासून निघालेली. दार तसंच बांधलेलं.

पावलं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली होती.

परत गेली नव्हती.

उंबऱ्याच्या अलीकडे कमळा उभी होती. 

दुसऱ्या दिवशी तिने बुधरीला गाठलं.

"बुधरी, माही सवत कशी होती वं?"

"चांगली होती बाई. सूप हातात घेतलं का एक खडा नाई राहे."

"खरंच गेली का ते त्या गड्यासंगं?"

बुधरी पाखडायची थांबली. "तो गडी दुसऱ्या दिवशी सकाळी इथीच होता बाई. चिंचेखाली चहा पिऊन आपल्या मंडळीसंगं गेला. म्या पाह्यला. मले कोणी इचारलं नाई, म्या सांगतलं नाई."

मग आवाज खाली आणून म्हणाली, "त्या सालापासून मालक तूस नेऊ देत नाई. विटावाले भट्टीसाठी मांगाले आले होते, वापस धाडले."

त्याच दिवशी, इंजिन चालू असताना, कमळा मागच्या बाजूला गेली. ढिगातून बारीक धूर निघत होता. तुसाचा ढीग असाच असतो, वरून थंड आणि आतून महिनोन्‌महिने जळत राहतो. तिने एक काठी उचलली. ढिगात खुपसणार तोच…

"इथी काय करून राह्यली?"

गुणवंतराव मागे उभे होते.

"शेण्या ठेवायले जागा पाहून राह्यली, जी."

"इकडं नोको येत जाऊ." ते हळूच म्हणाले. त्यांनी तिच्या हातातली काठी काढून घेतली. "वरून काई दिसत नाई. पाय पडला का माणूस आत जाते. मंग काईच उरत नाई."

ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

आता तिला एकच गोष्ट कळायला हवी होती. भागीरथा जिवंत आहे की नाही? जिवंत असेल तर आपल्याला भास होताहेत. नसेल, तर आपण कोणाच्या ताटात भात वाढतोय? पण विचारायचं कोणाला? पोलीसपाटील नवऱ्याच्याच पंगतीला बसायचा.

तेव्हा तिला टाकाची आठवण झाली.

पहिली बायको वारली की दुसरी तिच्या नावाचा चांदीचा टाक करून गळ्यात घालते. जेवणाआधी त्याला घास दाखवते. सवतीला तिचा मान मिळाला की ती घरात फिरत नाही. गुणवंतरावांनी कमळाला टाक केला नव्हता. करणार कसा? बायको पळाली असं सांगणाऱ्याला टाक करता येत नाही.

बाजाराच्या दिवशी ती बुधरीसोबत धानाच्या गाडीतून वडशाला गेली. आईने दिलेल्या चांदीच्या तोरड्या तिने सोनारापुढे ठेवल्या.

"याच्यातून सवतीचा टाक करून द्या जी."

सोनार चष्म्यावरून पाहत राहिला. "बाई, जित्या माणसाचा टाक करत नसतात. तिचं मरण मांगल्यावानी होते. सवत मेली का तुमची?"

 चुकलं तर एका जिवंत बाईचं पाप आपल्या माथी.

"हो," ती म्हणाली. "मेली."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने टाक काळ्या दोऱ्यात ओवून पदराखाली घातला. चुलीपाशी बसून त्याला पहिला घास दाखवला. मग नवऱ्याचं ताट वाढलं.

इंजिन थांबलं.

ती वाट पाहत राहिली…

काही नाही.

गुणवंतरावांनी आमटी कालवली. एक घास… दोन घास… गिरणी गप्प. चिंचेवरचे पोपट तेवढे ऐकू येत होते.

कमळाला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. टाक मानवला होता. म्हणजे भागीरथा कुठेच गेली नव्हती.

भात वाढायला ती वाकली, तसा पदर सरकला आणि टाक बाहेर आला. नवऱ्याची नजर त्यावर गेली. आता ते ओरडतील, विचारतील, ती पळाली असताना हा टाक कोणाचा?

 त्यांनी टाकाकडे नीट पाहिलं. मग मान खाली घालून पुन्हा भात कालवायला लागले.

"आता नाई येत न ते?" ते म्हणाले.

"नाई जी," कमळा म्हणाली, आणि तिने आणखी भात वाढला.

भागीरथाचं नेमकं काय झालं ते आजवर कोणाला कळलेलं नाही. मावशी पुढची सगळी वर्षं त्याच घरात राहिली, सूप पुन्हा कधी वाजलं नाही. मला त्या आवाजाची तेवढी भीती वाटत नाही. शांतपणे भात कालवणारा तो माणूस मात्र आठवला की माझंच जेवण जात नाही.

आईने एकदा मावशीला विचारलं होतं, एवढं कळल्यावर तू तिथे राहिलीस तरी कशी?

मावशी म्हणाली, "कुठी जाऊ मंग? माहा टाक गळ्यात घालणारी तिसरी कोणी या घरात येऊ नाई, एवढंच पाह्यत राह्यली मी."