गाणी आधी थांबतील

प्रक्षेपण केंद्रातल्या टेबलावर एकवीस रेडिओ होते. सतरा नव्यासारखे, तीन खाऱ्या वाऱ्याने पांढरे पडलेले, एकाचे बटण तुटलेले. जुने प्रक्षेपण बंद होऊन अंकीय, म्हणजे डिजिटल, सुरू झाले, तेव्हा बंदरातल्या प्रत्येक बोटीला एक मिळाला होता. आज सगळे परत आले.

"ठेव गो बाय, तुझे तुका," बोटी हाकणाऱ्या तांडेलांतले सर्वांत जाणते भिकाजी तारी म्हणाले.

"आवाज चांगला नाही, काका?" प्रक्षेपण केंद्राची अभियंता वृषाली कोयंडे हिने विचारले.

"आवाज झकास! पूर्वी खरखर वाढली काय समजायचा, लांब इलव. हो मेलो गाता गाता एकदम मुको जाता. परवा माझो झील वादळात भायर रवलो. इशारो तेका पोचलोच नाय."

मुलगा सुखरूप परतल्याची खात्री करून घेऊन वृषालीने कागदावर चौसष्ट ठिपक्यांचा चौकोन काढला. "प्रत्येक क्षणी आम्ही यातला एक ठिपका पाठवतो. दूरवर शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळतात. चुका एका मर्यादेपर्यंत रेडिओ दुरुस्त करतो, मग गप्प बसतो. पण ठिपका चारांपैकी कुठल्या कोपऱ्यात आहे, एवढे लांबूनही ओळखू येते. हवामान त्या कोपऱ्यांत भरायचे, गाणी आतल्या ठिपक्यांत. गाणी आधी थांबतील. थांबली की बोट वळवायची."

"मग झील नक्की वळतलो. गाण्याबिगर तेचो हात चलना नाय."

तिने बदल करताच मुख्यालयातून फोन आला.

"मॅडम, चौथी वाहिनी दिसत नाही. ती प्रायोजकांची आहे."

"हवामान कोपऱ्यांत भरल्यावर जागा पुरत नव्हती. काढली."

"कोणाला विचारून?"

"प्रक्षेपणाच्या प्रमाणकाला, म्हणजे मूळ नियमावलीला, सर. अशा दुपदरी प्रक्षेपणाची तरतूद त्यातच आहे. मनाई फक्त तुमच्या परिपत्रकात आहे."

"पूर्ववत करा. नाहीतर बदली होईल."

"लेखी पाठवा. मोजमाप मीही लेखीच पाठवीन."

संध्याकाळी बदलीचा आदेश आला. दुसऱ्या दिवशी दुपारी बारापासून केंद्र दुसऱ्याच्या ताब्यात जाणार होते. नवा माणूस काय करील, हे उघड होते. त्याने ते करण्याआधी आकडे वहीत उतरायला हवे होते.

सकाळी सहाला वृषाली भिकाजींच्या बोटीत बसली. सोबत एक रेडिओ, अंतरमापक आणि वही.

"नोकरी गेली तर?" भिकाजींनी विचारले.

"तुम्ही सरळ चालवा, काका."

वहीत दोन नोंदी झाल्या. ९.१२ वाजता, किनाऱ्यापासून ४१ किलोमीटरवर, गाणी थांबली. ११.२० वाजता, ६८ किलोमीटरवर, हवामानाचे निवेदन थांबले. मधले सत्तावीस किलोमीटर फक्त हवामान ऐकू येत होते.