भुईपिंगळ्याची भीती

उबवणी यंत्रातून भुईपिंगळ्याचे पिल्लू बाहेर आले, तेव्हा डॉ. सुलक्षणा खानविलकरांनी सवयीने तळहात पुढे केला. मागच्या खेपेची सहाही पिल्ले त्या हातावर तुरुतुरु चालत आली होती. हे मात्र कोपऱ्यात जाऊन भिंतीला चिकटले. बाईंना हायसे वाटले.

भुईपिंगळा हे फक्त गोरखबेटावरचे घुबड. दोनशे वर्षांपूर्वी नामशेष झालेले. गुहेतल्या हाडांवरून त्याचा जनुकीय आराखडा जुळवण्यात बाईंची एकोणीस वर्षे गेली होती. मागची सहा पिल्ले मोठी करून बेटावर सोडली आणि तिथल्या रानमांजरांनी ती आठवड्यात फस्त केली. पळायचे असते, हेच त्या भोळ्यांना ठाऊक नव्हते.

"मॅडम, एक गोष्ट खटकतेय," सहकारी इम्रान दलवाई म्हणाला. "आराखड्यातली रिकामी जागा या खेपेला तुम्ही मुख्य भूमीवरच्या पिंगळ्याच्या जनुकांनी भरलीत. पण ती जागा बाराही हाडांत रिकामी आहे. हाडं कुजली असती, तर प्रत्येकात वेगळ्या जागी भोक पडलं असतं."

"बरोबर. ती मुळातच रिकामी होती. मांजरं जहाजांतून आली ती फार नंतर. त्याआधी बेटावर शिकारी नव्हता, म्हणून भीतीची जनुकं पिढ्यान्‌पिढ्या झडत गेली."

"मग हा खरा भुईपिंगळा नाहीच!"

"खरे होते ते मांजरांच्या पोटात गेले, इम्रान."

भीती जरा जास्तच उतरली होती. पायात ओळखीचे कडे घालायला नव्या खेपेच्या पंधरांतल्या एकाला धरले, तर ते धास्तीने हातातच गतप्राण झाले. बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. उरलेली चौदा पाखरे कडे न घालता, हात न लावता बेटावर सोडली.

त्यानंतर पाच वर्षे दरसाल शोधमोहीम निघाली. एकही पाखरू कोणाला दिसले नाही. मोहिमेला पैसा पुरवणाऱ्या समितीचा नियम सरळ होता: पाचव्या वर्षी खूण सापडली, तर चार जोड्या पकडून प्राणिसंग्रहालयात आणायच्या, नाही सापडली, तर जात पुन्हा नामशेष ठरवून मोहीम बंद.

शेवटच्या दिवशी दुपारी एका कपारीत बाईंना घुबडाने ओकलेल्या गोळ्या दिसल्या. केस आणि उंदरांची हाडे. ओल्या, म्हणजे ताज्या होत्या, आणि बेटावर दुसरे घुबड नव्हते. मोठ्या गोळ्यांशेजारी बोराएवढ्या चिमुकल्याही होत्या, म्हणजे पिल्ले होती.

बाईंचा जीव सुपाएवढा झाला. पाच मिनिटे दबा धरून बसले, तर एकदा तरी दिसेल! एकोणीस अधिक पाच वर्षांत एवढेच तर हवे होते. मग त्यांना हातात निपचित पडलेले ते पाखरू आठवले.

त्यांनी गोळ्यांवर पाचोळा सारला आणि दगडावर दगड आपटत, जमेल तेवढा गोंगाट करत त्या उतार उतरल्या. माणूस आला की दडायचे, हे त्या पिल्लांनी शिकायलाच हवे होते.

"काही मिळालं का, मॅडम?" बोटीपाशी इम्रानने विचारले.

"एकही दिसला नाही," बाई म्हणाल्या. ते अक्षरशः खरे होते.

त्यांनी अहवाल मांडीवर घेतला, 'नामशेष' लिहिले आणि खाली सही केली.